लोणावळ्याची हवा आणि मोजलेला श्वास

लोणावळ्याबद्दल दोन गोष्टी इतक्या सहजपणे सांगितल्या जातात, की त्या तपासून पाहाव्यात असे कुणाला वाटतही नाही. पहिली, घाटमाथ्यावरच्या या हवेत ऑक्सिजन जास्त असतो. दुसरी, प्राणायाम केला की शरीरात भरपूर ऑक्सिजन साठतो. सुट्टीसाठी बंगला घेणाऱ्याला पहिली गोष्ट ऐकवली जाते आणि योगवर्गाला येणाऱ्याला दुसरी. रसायनशास्त्राच्या कसोटीवर या दोन्ही टिकत नाहीत. यातल्या दुसऱ्या समजुतीचे उत्तर शोधायला तर दूर जायचीही गरज नाही. ते लोणावळ्यातच, सुमारे नव्वद वर्षांपूर्वी, प्रत्यक्ष मोजमाप करून दिले गेले आणि देणाऱ्याची योगावर नितांत श्रद्धा होती. तरीही ते उत्तर मावळातल्या घराघरात पोहोचले नाही. ते का पोहोचले नाही आणि अशी उत्तरे यापुढे कोण पोहोचवू शकेल, याचा विचार येथे करायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: सामान्य वाचकांसाठी विज्ञान लिहिताना नुसता निष्कर्ष सांगून भागत नाही, तो कशाच्या मोजणीवर उभा आहे हेही सांगावे लागते. हे काम आज उत्तम रीतीने करू शकेल असा माणूस म्हणजे ज्याचा दिवस प्रयोगशाळेत मोजमाप करण्यातच जातो तो रसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी.

आधी हवेचे पाहू. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २०.९५ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के अरगॉन असतो. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के. वारे वातावरण सतत ढवळत असल्यामुळे हे प्रमाण मुंबईच्या चौपाटीवर, लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर आणि हिमालयाच्या शिखरावरही जवळजवळ तेच राहते. बदलतो तो दाब. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे तापमान सारखे धरले, तर छातीभर घेतलेल्या एका श्वासात लोणावळ्याला मुंबईपेक्षा ७ टक्के कमी ऑक्सिजन येतो. पावसाळ्यात त्यात आणखी थोडी घट होते. २५ अंश सेल्सिअसला हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल, तर तिचा सुमारे ३ टक्के भाग पाण्याच्या वाफेने व्यापलेला असतो आणि ऑक्सिजनचा वाटा २०.९५ वरून २०.३ च्या आसपास उतरतो. भोवतालच्या झाडीमुळे ऑक्सिजन वाढत असेल, ही शंका रास्त आहे. पण वातावरणातला ऑक्सिजनचा साठा इतका अफाट आहे आणि तो इतक्या वेगाने मिसळत राहतो, की एखाद्या डोंगरावरच्या जंगलाने तिथल्या हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

मग लोणावळ्याला मोकळे वाटते ते काय? तो अनुभव खोटा नाही, त्याचे दिलेले कारण चुकीचे आहे. हवा गार असते, धूळ आणि काजळी बहुतेक वेळा शहराच्या मानाने कमी असते, कानांवर गोंगाट कमी पडतो आणि मुख्य म्हणजे माणूस कामापासून सुटलेला असतो. हवा चांगली की वाईट हे ऑक्सिजनवरून ठरत नाही. ते ठरते सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ओझोन यांच्यावरून. हा फरक नुसता शब्दांचा नाही. हवेचे मोल ऑक्सिजनमध्ये आहे असे एकदा धरले, की द्रुतगती मार्गावरच्या वाहनांचा धूर आणि बांधकामांची धूळ यांच्याकडे पाहायची गरजच उरत नाही, कारण डोंगर आणि झाडी आहे तोवर ऑक्सिजन आहे असे समाधान मिळते. मोजायची गोष्ट चुकली की जपायची गोष्टही चुकते.

आता शरीराकडे वळू. करोनाच्या साथीत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले आणि पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव हे आकडे आजी-आजोबांच्याही बोलण्यात आले. हा आकडा हवेतल्या किंवा फुफ्फुसातल्या ऑक्सिजनचा नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जितक्या जागा ऑक्सिजनने भरल्या आहेत त्यांची ती टक्केवारी असते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरू शकतो. निरोगी माणसाच्या १०० मिलिलीटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि ते सुमारे २० मिलिलीटर ऑक्सिजन वाहून नेते. रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला ऑक्सिजन असतो ०.३ मिलिलीटर. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या ९७-९८ टक्के जागा काहीही न करता भरलेल्या असतात. काठोकाठ भरलेल्या घागरीखाली नळ कितीही मोठा सोडला तरी घागरीत पाणी वाढत नाही, तसेच येथे होते. जोरजोराने श्वास घेऊन उरलेल्या एक-दोन टक्के जागा भरल्या आणि विरघळलेला ऑक्सिजन किंचित वाढवला, तरी १०० मिलिलीटर रक्तामागे अर्धा मिलिलीटरसुद्धा भर पडत नाही. लोणावळ्याच्या ७ टक्के कमी दाबाचा त्रास होत नाही तो याच कारणाने. फुफ्फुसातला ऑक्सिजनचा दाब थोडा उतरला, तरी हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरते.

शिवाय फुफ्फुसात ऑक्सिजनची टंचाई मुळात नसतेच. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो त्या हवेत १६ ते १७ टक्के. घेतलेल्या ऑक्सिजनपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक आपण न वापरताच परत करतो. उलट कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर, म्हणजे शंभर पटीने, वाढलेला असतो. ही वाढ पाहायला यंत्र लागत नाही. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली, की ती दुधाळ होते, कारण कार्बन डायऑक्साइड आणि चुना यांच्यापासून न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी दिलेल्या मेणबत्तीवरच्या प्रसिद्ध व्याख्यानांचा शेवट श्वसनाशी आणून जोडला होता. मेणबत्तीच्या ज्वालेतून निघणारा आणि माणसाच्या नाकातून निघणारा वायू एकच आहे, हे त्यांनी समोरच्या मुलांना याच निवळीच्या साहाय्याने दाखवले.

श्वास किती घ्यायचा हे शरीर मुख्यतः याच वायूवरून ठरवते. १९०५ मध्ये ऑक्सफर्डच्या हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी दाखवले, की श्वासाची निकड ऑक्सिजन किंचित कमी झाल्याने लागत नाही, ती लागते कार्बन डायऑक्साइड किंचित वाढल्याने. हा वायू पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होते, त्यातून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट सुटतात आणि या तोलावरच रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास राहतो. भराभर, खोल श्वास घेत राहिले, तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. पुष्कळांना हीच ऑक्सिजन भरल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी मेंदूकडे जाणारे रक्त कमी झालेले असते. त्यातच १९०४ मध्ये कोपनहेगनच्या क्रिस्तियान बोर यांना आढळलेला परिणामही विरुद्ध दिशेने काम करतो. कार्बन डायऑक्साइड घटला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून ठेवते आणि पेशींना तो सहजी देत नाही. म्हणजे आपण ऑक्सिजन वाढवायला निघतो आणि पेशींच्या हाती पूर्वीपेक्षा कमी पडायची वेळ येते.

हे सर्व पाश्चात्त्य शरीरशास्त्र आहे, प्राणायामासारख्या साधनेला ते कसे लावता येईल, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ मध्ये बडोदे संस्थानातल्या डभोईचा. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले, नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले आणि अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. साधना खरी आहे यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पण तिचे स्पष्टीकरण परंपरेने किंवा तर्काने दिले म्हणून ते मानायची त्यांची तयारी नव्हती. नौली या योगक्रियेच्या वेळी गुदद्वारातून पाणी वर कसे चढते, याचा उलगडा त्यांनी दाबमापक आणि क्ष-किरण वापरून केला. आतड्यात बाहेरच्यापेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरुभक्ती आणि दाबमापक यांचा एकमेकांना अडथळा झाला नाही.

१९३० नंतरच्या चार वर्षांत त्यांनी ‘योगमीमांसे’त प्राणायामातल्या ऑक्सिजनच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीवर लेख लिहिले. अशी मोजणी म्हणजे तेव्हा निखळ रसायनशास्त्र होते. उच्छ्वासाची हवा पिशवीत गोळा करायची, तिचे आकारमान मोजायचे, तिचा थोडा नमुना कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातून न्यायचा म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, मग अल्कधर्मी पायरोगॅलॉलमधून न्यायचा म्हणजे ऑक्सिजन शोषला जातो, आणि प्रत्येक पायरीला किती आकारमान घटले ते पाहायचे. वायूंच्या विश्लेषणाची ही त्या काळी जगभर रुळलेली रीत होती. कुवलयानंदांच्या मोजणीचा निष्कर्ष साधकांना रुचेल असा नव्हता. प्राणायामात माणूस नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त ऑक्सिजन घेतो ही समजूत खरी नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. प्राणायामाचे महत्त्व ऑक्सिजनच्या प्रमाणात शोधू नये, ते मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आणि श्वासावर येणाऱ्या ताब्यात शोधावे, ही त्यांची भूमिका होती. ज्या संस्थेचे अस्तित्वच योगाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून होते, तिने योगाविषयीचा एक लोकप्रिय दावा स्वतः खोडून काढला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या इतिहासातली ही मोठी आणि पुरेशी दखल न घेतली गेलेली घटना आहे.

या निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावाही आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले मूळचे केरळचे अभ्यासक कोवूर बेहनन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कुवलयानंदांकडे योग शिकून गेले. नंतर त्यांनी स्वतःवर मोजणी केली. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकानुसार उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा वापर सुमारे २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के आणि कपालभातीत १२ टक्के वाढलेला दिसला. मग कुवलयानंद चुकले काय? तसे म्हणता येत नाही. एक तर बेहनन यांचे आकडे एकाच व्यक्तीचे आहेत, आणि प्राणायामाचा प्रकार, वेग, कुंभकाचा म्हणजे श्वास रोखण्याचा काळ यांत फरक पडला की आकडा बदलतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वापर वाढणे आणि साठा वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छाती, पोट आणि गळ्याचे स्नायू जास्त काम करू लागले, की ते जास्त ऑक्सिजन जाळतात. स्वस्थ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलीटर ऑक्सिजन वापरतो आणि झपाझप चालताना हाच वापर तिपटी-चौपटीवर जातो. त्या मानाने चोवीस टक्के ही किरकोळ वाढ आहे आणि ती खर्चाच्या बाजूची आहे. फुफ्फुसे, रक्त आणि स्नायू मिळून शरीरातला ऑक्सिजनचा सगळा साठा साधारण दीड लिटर, म्हणजे काही मिनिटांपुरता असतो. सकाळी साठवून दिवसभर पुरवता येईल असे कोठार शरीरात नाही. बेहनन यांचे आकडे खरे धरूनही प्राणायामाने ऑक्सिजन साठतो हा दावा उभा राहत नाही.

एवढा स्पष्ट निष्कर्ष लोणावळ्यातूनच निघूनही मावळात का रुजला नाही? ‘योगमीमांसे’ची रचनाच याचे अर्धे उत्तर देते. तिच्या अंकात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकप्रिय असे तीन विभाग असत. प्रयोगाचे तक्ते पहिल्यात, त्यांचा अर्थ जाणत्या वाचकाला उलगडून सांगणे दुसऱ्यात आणि सर्वांनी करायच्या आसनांची माहिती तिसऱ्यात. एकाच अंकात, एकाच संपादकाच्या देखरेखीखाली हे तिन्ही थर राहत असल्याने वाचकाला वाटले तर तो तिसऱ्या विभागातून पहिल्याकडे जाऊ शकत होता. सामान्यांसाठी लिहिलेले विज्ञान मूळ मोजणीपासून तुटू नये, याची ही उत्तम व्यवस्था होती. पण ते त्रैमासिक इंग्रजीत होते. कामशेत, वडगाव, तळेगावच्या मराठी वाचकापर्यंत ते थेट जाणे शक्य नव्हते. पुढे योगाचा प्रसार झाला तो तिसऱ्या विभागाच्या वळणाने. आसने पसरली, तक्ते मागे राहिले, आणि तक्त्यांच्या रिकाम्या जागी ऐकीव दावे येऊन बसले.

मराठीला विज्ञानलेखनाची परंपरा नाही, असे मात्र मुळीच नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले आणि त्यात भूगोल-इतिहासाबरोबर सृष्टिशास्त्राचे विषय आणले. एकोणिसाव्या शतकातच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. पुण्यात १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या परंपरेतला बराच भाग प्राध्यापकांनी, ज्ञात गोष्टी समजावून सांगण्यासाठी लिहिला, आणि ते काम अमोल आहे. उणीव राहिली ती दुसऱ्या बाजूला. आज, येथे, अमुक पदार्थ अमुक यंत्राने मोजताना काय दिसते, आकडा किती डळमळतो, कोणती शंका अजून फिटलेली नाही, हे मोजणाऱ्यानेच मराठीत सांगण्याची सवय आपल्याकडे फार पडली नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे, आयसर ही विज्ञानसंस्था २००६ पासून आहे आणि गणेशखिंडीत विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे. लोणावळ्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावर वायूंचे विश्लेषण रोज होत असते, आणि मावळातल्या वाचकाला हवेविषयी मिळणारी माहिती मात्र जाहिरातीतली असते.

प्राध्यापक सोडून संशोधक विद्यार्थ्यानेच हे लिहावे असे मी म्हणतो, त्याला कारणे आहेत. न समजण्याची अवस्था त्याच्यापासून फार दूर गेलेली नसते. हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजन धरण्याचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा का वळतो, हे त्याला चार-पाच वर्षांपूर्वीच कळलेले असते, त्यामुळे वाचक कुठे अडखळेल हे त्याला ठाऊक असते. उपकरण त्याच्या हातात असते, म्हणून आकडा किती भरवशाचा आहे हे तो स्वतःच्या जाणतेपणाने सांगू शकतो. आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत महाराष्ट्राच्या गावागावांतून आलेली कितीतरी मुले-मुली असतात, ज्यांच्या घरी मराठीच बोलली जाते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानेही ही ताकद ओळखलेली आहे. २०१८ मध्ये त्याने ‘अवसर’ ही योजना सुरू केली. पीएचडी करणाऱ्यांनी आपल्या संशोधनावर सामान्यांसाठी लेख लिहावेत आणि निवडक शंभर लेखांना प्रत्येकी दहा हजार रुपये मिळावेत, अशी ती योजना होती. बक्षिसाने सुरुवात होते, सवय मात्र भाषेत आणि मासिकांत लागावी लागते.

यावर पहिला आक्षेप अधिकाराचा येतो. ज्याचा स्वतःचा प्रबंध पुरा झालेला नाही, त्याने लोकांना काय शिकवावे? या आक्षेपाचे उत्तर रसायनशास्त्राच्या इतिहासातच आहे. लंडनच्या जेन मार्सेट कोणत्याही विद्यापीठात नव्हत्या. हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून, प्रयोग पुन्हा करून पाहत त्यांनी संवादांच्या रूपात रसायनशास्त्राचे पुस्तक लिहिले. ते १८०६ मध्ये निघाले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका मुलाने ते वाचले, त्यातली विधाने जमेल तशी करून पाहिली, आणि तो रसायनशास्त्राकडे वळला. तो मुलगा म्हणजे वर ज्यांच्या मेणबत्तीचा उल्लेख आला ते फॅरेडे. मार्सेटबाईंच्या पुस्तकाचा अधिकार पदवीतून आला नव्हता. वाचकाला पडताळून पाहता येतील अशी विधाने त्यात होती, यातून तो आला होता. विद्यार्थ्याने आपला आकडा आणि तो मिळवण्याची रीत मांडली, तर त्याचा अधिकारही याच जातीचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सोपे करताना विज्ञान बिघडते. बिघडते, हे खरे आहे. प्राणायामाने ऑक्सिजन वाढतो हे वाक्य अशाच सोपेपणातून जन्मले. पण ते वाक्य का बिघडले, ते पाहिले पाहिजे. त्यात समीकरणे नाहीत म्हणून ते बिघडलेले नाही. किती वाढतो, कुठे वाढतो, कशाने मोजला, हे तीन प्रश्न त्यातून गाळले गेले म्हणून ते बिघडले. या लेखात बोर यांच्या परिणामाचे गणित नाही, हिमोग्लोबिनच्या आकारातल्या बदलाचा तपशील नाही, आणि तरीही ९८ टक्के, २० मिलिलीटर, १६ टक्के या आकड्यांवर वाचक स्वतः विचार करू शकतो. समीकरणे गाळली तर समज थोडी उथळ राहते, पण मोजमाप गाळले तर समज चुकीची होते. मराठीत शब्द नाहीत ही तक्रारही येथे टिकत नाही. भाषा संचालनालयाचा रसायनशास्त्राचा परिभाषा कोश आहे, आणि जिथे ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, बायकार्बोनेट हे शब्द शाळेपासून रुळले आहेत तिथे ते तसेच वापरायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा आणि उपयोगाचा. लोकांना बरे वाटते ना, मग कारण चुकीचे असले तर बिघडले कुठे? बिघडते, कारण चुकीच्या कारणावरून माणूस पुढची कृती ठरवतो. पाण्यात सूर मारण्याआधी दहा-वीस भराभर श्वास घेतले की ऑक्सिजन भरतो, असे समजणारा पोहणारा प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड उडवून टाकत असतो. मग श्वासाची निकडच वेळेवर लागत नाही, पाण्याखाली ऑक्सिजन संपत जातो आणि पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते. पोहण्याचे शिक्षण देणारे जगभर याविषयी बजावत असतात. पवनेच्या आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात, जिथे दर पावसाळ्यात हजारो तरुण पाण्यावर येतात, तिथे हे माहीत असणे जीव वाचवणारे आहे. तसेच न्यूमोनियाने ज्याचा ऑक्सिमीटर ८८ दाखवतो आहे, त्याने डोंगरावरच्या चांगल्या हवेवर विसंबून दवाखाना लांबवला, तर किंमत जिवाने मोजावी लागेल. आजारी फुफ्फुसात रक्तापर्यंत ऑक्सिजन पोहोचण्याची वाटच अडलेली असते, आणि लोणावळ्याची हवा मुंबईपेक्षा त्याला ७ टक्के कमी ऑक्सिजन देत असते. राहिला श्रद्धेचा प्रश्न. कुवलयानंदांच्या श्रद्धेला त्यांच्या आकड्यांनी धक्का लागला नाही. संथ श्वासाने मन निवते, नाडी शांत होते, हा साधकाचा अनुभव आहे तसाच राहतो. त्याला ऑक्सिजनच्या खोट्या आधाराची गरज नाही.

म्हणून करायचे काय, हे सांगणे कठीण नाही. रसायनशास्त्राच्या प्रत्येक प्रबंधाला दोन-चार पानांचा मराठी सारांश जोडता येईल, ज्यात काय मोजले, कशाने मोजले, आकडा किती आला आणि त्यावर कुठवर विसंबावे, एवढेच असेल. मराठी मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी अशा लेखनाला नियमित जागा द्यावी, आणि संपादकांनी लेखकाला एवढेच विचारावे: हे तुम्ही मोजले की ऐकले? तळेगाव आणि लोणावळ्याच्या महाविद्यालयांत चुन्याची निवळी, ऑक्सिमीटर आणि घड्याळ यांवर श्वसनाचा प्रयोग एका तासात होतो. तो विद्यार्थ्यांनी गावात करून दाखवावा आणि निघालेले आकडे मराठीत लिहून काढावेत. ‘योगमीमांसे’ने तीन विभाग एका अंकात बांधले होते. आपल्याला ते तीन विभाग एका भाषेत बांधायचे आहेत. मोजणारा आणि वाचणारा एकाच भाषेत भेटू लागले, तर कोणताही दावा ऐकताना ‘किती?’ आणि ‘मोजले कसे?’ हे प्रश्न विचारणे वाचकाच्या अंगवळणी पडेल. विज्ञानलेखनाने समाजाला द्यायची हीच सर्वांत मोठी देणगी आहे, आणि ती द्यायला लागणारे ज्ञान, उपकरणे आणि माणसे पुणे जिल्ह्यात आजच आहेत.